नाणकपंडित भगवानलाल इंद्रजी

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील वडीलधाऱ्या मंडळींपाशी बसले, तर कोणाच्या तरी शेतात नांगराच्या फाळाला अडकून जुन्या नाण्यांचे मडके वर आल्याची हकीकत कानी पडतेच. हकीकतीचा शेवटही बहुधा ठरलेला असतो. मडक्यातील रुपे घाईघाईने वाटून घेतले जाते, सोनाराच्या मुशीत जाते आणि त्याचे वाळे किंवा करदोडे होऊन बाहेर पडते. असे भूमिगत धन सापडल्यास सरकारास कळविणे कायद्याने आवश्यक आहे, हे ठाऊक असलेले लोक थोडे आणि ठाऊक असून तसे करणारे त्याहूनही थोडे. मुशीत वितळते ते रुपे, हे खरे. पण रुप्याबरोबर एखाद्या राजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि राज्यारोहणाचे वर्षही वितळून जाते. पुस्तकांतून कोठेही न आढळणारी अशी नावे आणि वर्षे ज्या पुरुषाने केवळ नाण्यांवरून उजेडात आणली, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे चरित्र आम्ही येथे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या घरच्या मंडळींस सांगणार आहोत.

पंडितजींचा जन्म ८ नोव्हेंबर १८३९ रोजी काठेवाडातील जुनागढ येथे झाला. मातृभाषा गुजराती, शिक्षण घरच्या परंपरेप्रमाणे संस्कृताचे. इंग्रजी शाळेचा लाभ त्यांना झाला नाही आणि इंग्रजीत ग्रंथलेखन करण्याइतके प्रभुत्व त्यांनी पुढेही कधी मिळविले नाही. हे आम्ही मुद्दाम आरंभीच नमूद करतो, कारण ज्या विषयात त्यांनी नाव कमावले, त्या विषयाची त्या काळची सारी नियतकालिके, सारे वादविवाद आणि सारे मानसन्मान इंग्रजीतून चालत.

पण जुनागढला एक शाळा अशी होती की, तिच्या भिंती नव्हत्या. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर तीन निरनिराळ्या काळांतील लेख कोरलेले आहेत. पहिला सम्राट अशोकाच्या धर्माज्ञांचा, दुसरा महाक्षत्रप रुद्रदामन याचा आणि तिसरा गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा. पहिल्या दोहोंत सुमारे चारशे वर्षांचे अंतर आहे, तिसरा त्यानंतर तीनशे वर्षांनी कोरलेला आहे. रुद्रदामनाच्या लेखात ७२ हे वर्ष आहे. इसवी सनाच्या हिशेबाने ते १५० येते. सुदर्शन नावाचे सरोवर अतिवृष्टीने फुटले ते आपण प्रजेवर कर न लादता पुन्हा बांधले, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी यास दोन वेळा जिंकूनही आप्तसंबंधामुळे सोडून दिले, असा मजकूर त्यात आहे. गावकऱ्यांच्या लेखी मात्र ती अक्षरे म्हणजे अगम्य खुणा होत्या.

कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८३७-३८ च्या सुमारास ब्राह्मी लिपी वाचून दाखविली होती. या कामी त्याला नाण्यांचा फार उपयोग झाला. वायव्येकडील ग्रीक राजांची नाणी दोन लिप्यांत असत. एका अंगावर ग्रीक अक्षरे, दुसऱ्या अंगावर तोच मजकूर देशी अक्षरांत. ग्रीक वाचता येत असल्याने देशी अक्षरांची उकल करण्याची किल्ली आयतीच हाती आली. प्रिन्सेपने तयार केलेला अक्षरांचा तक्ता जुनागढच्या या मुलास कर्नल लँग नावाच्या अधिकाऱ्याकडून मिळाला. मग काय विचारता! तक्ता हाती घेऊन तो गिरनारच्या शिळेपाशी जाई आणि एकेक अक्षर ताडून पाही. शिकविणारा कोणी नव्हता. चूक झाली तर ती दाखविणारी शिळाच.

या तरुणाची कीर्ती अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स या गुजरातच्या इतिहासाचा व्यासंग करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कानी गेली. त्याने ती मुंबईस डॉ. भाऊ दाजी यांना कळविली आणि १८६१ च्या सुमारास, वयाच्या बाविसाव्या वर्षी, भगवानलाल मुंबईस आले.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील डॉक्टर. रोग्यांची रीघ सांभाळून ते ताम्रपट, शिलालेख, पोथ्या आणि नाणी यांचा अभ्यास करीत. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ पासून त्यांचे नाव आहे. भाऊंपाशी द्रव्य होते, दृष्टी होती, इंग्रजी लेखणी होती. नव्हता तो वेळ. भगवानलालांपाशी वेळ होता, संस्कृत होते आणि झिजलेल्या दगडावरील रेघ न रेघ टिपणारा डोळा होता. पुढील सुमारे तेरा वर्षे या दोघांनी मिळून जे कार्य केले, त्याला महाराष्ट्राच्या विद्याव्यासंगाच्या इतिहासात तोड सापडणे कठीण.

हे कार्य कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. भाऊंनी खर्च द्यावा आणि भगवानलालांनी प्रवासास निघावे. अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन त्यांनी लेखांच्या नकला केल्या. त्यांवरून भाऊंनी १८६३ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत निबंध वाचला. पुढे राजपुताना, मथुरा, काशी, पंजाब, काश्मीर आणि अखेर नेपाळ असा त्यांचा संचार झाला. आगगाडी थोड्याच मार्गांवर होती. बाकीचा प्रवास बैलगाडीने आणि पायी. बरोबर कागद, शाई, ठसे घेण्याचे साहित्य आणि वाटेत मिळतील ती नाणी ठेवण्यास पिशवी.

निबंध भाऊ दाजींच्या नावे प्रसिद्ध होत. त्यांत भगवानलालांचा वाटा किती, याविषयी पुढे विद्वानांत बरीच चर्चा झाली. आम्हांस असे वाटते की, ज्याच्या नकलेवाचून निबंध उभाच राहिला नसता, त्याचे नाव निबंधाच्या माथ्यावर असते तर ते अधिक न्यायाचे झाले असते. परंतु हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, भाऊंच्या आश्रयावाचून जुनागढचा हा विद्यार्थी जुनागढासच राहता. स्वतः पंडितजींनी भाऊंचा उल्लेख सदैव गुरुस्थानी मानून केला.

१८७४ च्या मे महिन्यात भाऊ दाजी निवर्तले. नेपाळात जमविलेल्या लेखांचे फळ प्रसिद्ध झालेले पाहण्यास ते उरले नव्हते. भगवानलाल पस्तिशीचे होते. आश्रयदाता गेला, पदवी नाही, सरकारी नोकरी नाही, इंग्रजी लेखणी नाही. पिशव्यांत भरलेले ठसे व नाणी एवढीच काय ती मिळकत. जुनागढास परत जाऊन एखादी वृत्ती धरणे सोपे होते. पंडितजींनी ते केले नाही. ते मुंबईतच राहिले आणि आता प्रथमच स्वतःच्या नावाने लिहू लागले. लिहीत ते गुजरातीत. त्याचे इंग्रजी रूपांतर डॉ. ब्यूलर यांच्यासारखा जर्मन पंडित करी आणि मग तो लेख इंग्लंड-जर्मनीतील विद्वान वाचीत. मायबोलीत लिहिलेले संशोधन भाषांतर करून का होईना जगाला वाचावे लागले, याचे त्या काळी अनेकांस आश्चर्य वाटे.

त्यांचा पहिला मोठा निबंध १८७७ साली प्रसिद्ध झाला. तो होता प्राचीन अंकांवर. हा विषय वरवर पाहता रुक्ष. पण नाण्यांचा काळ ठरविण्याची किल्ली यातच असल्यामुळे आम्ही तो थोडा उलगडून सांगतो.

आज आपण १२५ लिहितो तेव्हा १ या अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून शंभर ठरते. ब्राह्मी लेखांत ही रीत नव्हती. तेथे शंभराला वेगळी खूण, विसाला वेगळी, पाचाला वेगळी. एकशेपंचवीस लिहावयाचे तर शंभराची खूण, मग विसाची, मग पाचाची, अशा तीन खुणा एकापुढे एक मांडीत. शून्य नाही. तेव्हा दहा, वीस, तीस यांपासून नव्वदापर्यंत प्रत्येकाची खूण निराळी ओळखता आली पाहिजे. एक चुकली की राजा वीस-तीस वर्षे पुढे किंवा मागे जाऊन पडतो आणि बाप मुलाच्या नंतर राज्यावर येतो! प्रिन्सेपपासून भाऊ दाजींपर्यंत अनेकांनी या खुणांशी झुंज घेतली होती. पंडितजींनी नाणेघाटातील लेख, नाशिकची लेणी, ताम्रपट आणि जैन व नेपाळी पोथ्यांच्या पानांवर घातलेले जुने अक्षरांक हे सारे शेजारी शेजारी मांडले. नाणेघाटाच्या लेखात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांच्या मोठमोठ्या संख्या आहेत. त्यांतून शतकांच्या व सहस्रांच्या खुणा मिळाल्या. पोथ्यांची पाने क्रमाने असल्यामुळे तेथे अंदाजाला जागाच नव्हती. बऱ्याच खुणा या प्रकारे निश्चित झाल्या.

आता मुख्य विषयाकडे वळू.

अलेक्झांडरच्या स्वारीनंतर हिंदुकुशापलीकडे बाल्हीक देशात ग्रीकांची राज्ये झाली आणि त्यांतील काही राजे हिंदुस्थानात उतरले. मिनँडर व अपोलोडोटस हे त्यांतील विख्यात. मिनँडर म्हणजेच बौद्ध ग्रंथांतील मिलिंद. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हे राजे. त्यांची सुबक रुप्याची नाणी, ज्यांस द्रम्म म्हणत, भडोच बंदरापर्यंत पसरली होती. आपल्या भाषेतील दाम हा शब्द त्या द्रम्माचाच वंशज. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे. तीत तो म्हणतो की, भडोचच्या पेठेत मिनँडर व अपोलोडोटस यांची जुनी नाणी अद्याप चालतात. राजे जाऊन दोन शतके लोटली, तरी त्यांचे रुपे खणखणत होते! त्याच ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे व तेथून गाड्यांवर लादून कापड भडोचला येत असल्याचे सांगितले आहे. हे तगर म्हणजे आपल्या सीमेपलीकडे धाराशिव जिल्ह्यातील तेर. भालकी-बसवकल्याणहून ते काही दूर नाही. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पंडितजींनी तगर म्हणजे जुन्नर असे मानले होते. ते चुकले. तेरचे नाव फ्लीट या संशोधकाने १९०१ साली सिद्ध केले.

ग्रीकांनंतर गुजरात, माळवा व उत्तर महाराष्ट्रात शक क्षत्रपांची सत्ता आली. पेठेत ग्रीक द्रम्माची पत असल्यामुळे त्यांनी आपली नाणी त्याच घडणीची पाडली. आकार अंगठ्याच्या नखाएवढा, वजन दोन-सव्वादोन ग्रॅम. एका अंगावर राजाचा मुखवटा, त्याच्या भोवती ग्रीक अक्षरांचे कडे. दुसऱ्या अंगावर तीन कमानींची टेकडी, चंद्रकोर, तारका व खाली नदीची नागमोडी रेघ. सभोवती ब्राह्मीत राजाचे नाव. आरंभीची ग्रीक अक्षरे वाचता येतात. पुढे ठसे कोरणारे कारागीर ग्रीक विसरले. पण कडे नसले तर सराफ नाणे घेणार नाही, म्हणून ते उभ्या रेघा आणि वर्तुळे कोरीतच राहिले. अर्थ गेला आणि नक्षी उरली.

ही नाणी काठेवाडात व गुजरातेत पुष्कळ मिळत. पंडितजी लहानपणापासून ती पाहत आले होते. सराफांच्या पेढ्या, कासारांच्या मोडीच्या टोपल्या, बाजारातील फिरते विक्रेते, कोठेही जुने रुपे दिसले की ते थांबत. उत्पन्न बेताचे असूनही त्यांनी असा संग्रह केला की, पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांच्या बाबतीत त्या काळी त्याच्या तोडीचे संग्रह विरळा.

परंतु संग्रह करणे निराळे आणि नाण्यास बोलते करणे निराळे. या राजवंशास आधीचे विद्वान साह राजे म्हणत. कारण नाण्यांवर रुद्रसाह, विश्वसाह अशी नावे त्यांना दिसत. प्रत्यक्षात असा साह वंश नव्हताच! नाणे पाडण्याची रीत अशी की, रुप्याची लहान चकती ठशावर ठेवून वरून घण मारावयाचा. चकती ठशाहून लहान असे. अक्षरांचे अंग चकतीवर उमटे. पण अक्षरांच्या माथ्यावरील वेलांट्या काठाबाहेर जात. सिंह या नावाचे प्राकृत रूप सीह. त्याची वेलांटी तुटली की उरते साह. अनेक नाणी एकत्र ठेवून पाहणाऱ्यालाच ही गोष्ट कळावी. कारण हजारांत एखादे नाणे असे निघते की, ज्याची चकती थोडी सरकलेली असते आणि त्यावर ती हरवलेली वेलांटी सापडते. एका वेलांटीने एक काल्पनिक राजवंश इतिहासातून नाहीसा झाला. शुद्धलेखनाच्या तासाला कंटाळणाऱ्या आमच्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.

या नाण्यांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, राजा आपल्या नावाबरोबर पित्याचेही नाव घालतो आणि दोघांच्याही पदव्या देतो. धाकटी पदवी क्षत्रप, थोरली महाक्षत्रप. आणि दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुखवट्याच्या मागील बाजूस वर्षाचा अंक असतो. पंडितजींनी हे वर्ष शालिवाहन शकाचे मानले, म्हणजे आपल्या पंचांगात आजही छापतात तोच शक. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. उदाहरणादाखल रुद्रसिंहाचे तीन पुत्र घेऊ. रुद्रसेन याच्या महाक्षत्रप म्हणून पाडलेल्या नाण्यांवरील शेवटचे वर्ष १४४ आहे. त्याचा भाऊ संघदामन याच्या नाण्यांवर १४४ व १४५ एवढीच वर्षे सापडतात. तिसरा भाऊ दामसेन याची नाणी १४५ पासून सुरू होतात. तेव्हा इसवी सन २२२ मध्ये रुद्रसेन गेला, संघदामनाने जेमतेम वर्षभर राज्य केले आणि २२३ मध्ये दामसेन आला, हे कोणत्याही पुराणाच्या अगर बखरीच्या मदतीवाचून ठरते. शिवाय या वंशात बापाच्या मागून थेट मुलगा न येता भावामागून भाऊ गादीवर येत, हा त्यांचा वारसाहक्काचा नियमही नाण्यांतूनच कळतो. क्षत्रप असताना पाडलेले नाणे आणि महाक्षत्रप झाल्यावर पाडलेले नाणे यांवरील वर्षे पाहिली की पदोन्नती केव्हा झाली तेही सांगता येते. सुमारे तीन शतकांचा असा हा जमाखर्च अंगठ्याच्या नखाएवढ्या चकत्यांवर लिहून ठेवलेला होता.

अडचण होती ती पहिल्या राजांची. नहपान हा क्षहरात कुळातील क्षत्रप. त्याच्या जावयाने, उषवदात याने, नाशिकच्या लेण्यात मोठा लेख कोरविला आहे. देव-ब्राह्मणांस सत्तर हजार कार्षापण, म्हणजे पस्तीस कार्षापणांस एक या दराने दोन हजार सुवर्ण, दिल्याचा हिशेब त्यात आहे. बँकेच्या पासबुकाची आठवण व्हावी असा हा मजकूर. पण ज्याच्या राज्यात सत्तर हजार कार्षापण दान होत, त्या नहपानाचे नाणे पंडितजींच्या काळी अत्यंत दुर्मिळ होते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाणी त्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांवर वर्षही नाही. अशा वेळी अक्षरांचे वळण, मुखवट्याची घडण आणि शिलालेखांतील वर्षे यांवरून अंदाज बांधावा लागतो.

नाण्यावरून काळ ठरविण्याचा प्रत्यक्ष प्रयोग पंडितजींनी १८८२ साली सोपाऱ्यास केला. वसईजवळील या जुन्या बंदरगावी बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी एक मोठी टेकडी होती. पंडितजींनी ती स्तूप म्हणून ओळखली आणि गॅझेटियरचे संपादक जेम्स कँपबेल यांच्यासह त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ती खणली. मध्यभागी दगडी पेटी निघाली. तीत बुद्धांच्या आठ धातुमूर्तींच्या मध्ये तांब्याचा करंडा. त्यात रुप्याचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भिक्षापात्राचे तेरा लहान तुकडे होते! पाच करंड्यांच्या आत एका खापराला एवढा मान मिळालेला पाहून खणणाऱ्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्याच निक्षेपात रुप्याचे एक कोरे करकरीत नाणे सापडले. ते होते सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे. त्यावरून स्तूप इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा, असे पंडितजींनी ठरविले. मूर्ती मात्र त्याहून कित्येक शतके अलीकडच्या आहेत, असे आता मानले जाते; म्हणजे स्तूप मध्ये केव्हातरी उघडून पुन्हा बंद केला असला पाहिजे. नाणे स्वतःचा काळ सांगते, शेजाऱ्याचा सांगेलच असे नाही.

या नाण्याविषयी आमच्या सीमाभागातील वाचकांस विशेष गोडी वाटेल अशी एक गोष्ट आहे. सातवाहनांनी क्षत्रपांचे पाहून मुखवट्याची रुप्याची नाणी पाडली. त्यांच्या एका अंगावर प्राकृत लेख आहे. दुसऱ्या अंगावरील लेख पंडितजींच्या काळी नीट लागत नव्हता. तो द्राविडी वळणाच्या भाषेत आहे असे पुढे विसाव्या शतकात विद्वानांनी दाखवून दिले. एकच राजा, एकच नाणे आणि दोन अंगांवर दोन कुळांच्या भाषा. घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या आमच्या मुलांना यात नवल वाटणार नाही.

सोपाऱ्यासच त्या वर्षी पंडितजींना अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा एक तुकडा मिळाला. गिरनारच्या शिळेवर ज्या अक्षरांपासून त्यांनी आरंभ केला होता, तीच अक्षरे समुद्रकाठच्या एका फुटक्या दगडावर त्यांच्या पुढे आली. हा दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती येथे अशोकाचे लेख सापडले ते शंभर वर्षांनंतर. आणि तेथून जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात राजा अशोकाची नाव कोरलेली प्रतिमा व सातवाहन राजांची नावे निघाली ती त्याहूनही मागाहून.

इतर कामगिरी आम्ही थोडक्यात आटोपतो. ओरिसातील हाथीगुंफेच्या लेखातील राजाचे नाव खारवेल आहे, हे पंडितजींनी प्रथम नीट वाचले. १८८३ साली हॉलंडातील लायडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेपुढे त्यांचा तो निबंध गेला. लायडन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही सन्मानदर्शक पदवी दिली आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने आपले सन्मान्य सभासद केले. पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक त्यांनी बर्जेस यांच्यासह १८८१ साली काढले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील नाशिकच्या पांडवलेण्यांचे वर्णन वाचताना त्यांचाच हात ठायी ठायी दिसतो. समुद्रापलीकडे ते स्वतः कधी गेले नाहीत.

१८६९ साली मथुरेस शीतलादेवीच्या ओट्याच्या पायऱ्यांत बसविलेला एक लाल दगड त्यांच्या नजरेस पडला होता. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन सिंहांचे ते स्तंभशीर्ष होते आणि त्यावर खरोष्ठी लिपीत शक क्षत्रपांची नावे दाटीवाटीने कोरलेली होती. हा दगड त्यांनी मिळविला व मुंबईस आणला. त्याचे वाचन ते अनेक वर्षे करीत होते.

शेवटची वर्षे आजारपणाची गेली. वाळकेश्वरच्या घरी त्यांच्याभोवती ठसे, पोथ्या आणि नाण्यांच्या पेट्या होत्या. क्षत्रपांवरील मोठा निबंध आणि सिंहशीर्षावरील वाचन ही दोन्ही कामे प्रसिद्धीवाचून पडली होती. १६ मार्च १८८८ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. मृत्युपत्रान्वये नाण्यांचा संग्रह व मथुरेचे सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले. हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली, जेथे भाऊ दाजींचाही संग्रह आहे.

नाणी लंडनला का दिली, असा प्रश्न आमच्या मनात येतो आणि तो येणे स्वाभाविक आहे. काठेवाडच्या मातीतील रुपे आज पाहावयाचे तर समुद्र ओलांडावा लागतो, ही खंत आम्हांसही आहे. पण १८८८ साली मुंबईत नाण्यांची शास्त्रीय जपणूक करणारे मोठे संग्रहालय नव्हते. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांसाठी उघडले ते १९२२ साली. आश्रयदाता गेल्यावर संग्रहांची कशी पांगापांग होते, हे पंडितजी जाणून असावेत. एक मात्र खरे की, नाणी विखुरली नाहीत आणि मुशीत गेली नाहीत. ब्रिटिश म्युझियममधील रॅप्सन या तरुण अभ्यासकाने ती हाताळली, पंडितजींची टिपणे संगतवार लावली आणि क्षत्रपांवरील त्यांचा निबंध १८९० साली प्रसिद्ध केला. सिंहशीर्षाचे वाचन डॉ. ब्यूलर यांनी १८९४ साली छापले. गुजरातचा प्राचीन इतिहास गॅझेटियरच्या खंडात १८९६ साली आला. लेखकाच्या मागे आठ वर्षांत तीन मोठी कामे बाहेर पडली.

आणि मग १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी या गावी एक मोठा ठेवा सापडला. त्यात रुप्याची तेरा हजार दोनशे पन्नासाहून अधिक नाणी होती. सगळी नहपानाची! ज्याचे एकेक नाणे मिळविताना पंडितजींची दमछाक झाली होती, त्याच राजाचा हा ढीग. त्यांपैकी नऊ हजार दोनशे सत्तरांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांची टेकडी आणि उज्जयिनीचे चिन्ह बसलेले स्पष्ट दिसत होते. जिंकणारा कोण, जिंकला गेलेला कोण आणि आधीचा कोण, याचा निवाडा घणाच्या एका घावाने केला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी हा ठेवा तपासला. एवढी नाणी एकाच वेळी समोर असल्यामुळे मुखवट्याभोवतीचे ग्रीक अक्षरांचे तुटके कडे तुकड्या-तुकड्यांनी जोडता आले. आणि तेव्हा दिसून आले की, अक्षरे ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. राजा क्षहरात नहपान याचे प्राकृत नावच ग्रीक लिपीत लिहिले आहे.

रॅप्सनने १९०८ साली ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व क्षत्रप नाण्यांची मोठी सूची प्रसिद्ध केली. तीत नाण्यामागून नाण्याच्या नोंदीपुढे, ते म्युझियमला कोणाकडून मिळाले त्या रकान्यात, पंडित भगवानलालांचे नाव छापलेले आहे.